वतन गेलं, कंत्राट आलं

महाराला गावाचा पोलीस कुणी केला? गावानंच. चोराचा माग काढ. सरकारी पैका तालुक्याला पोचव. बेवारशी मढ्यापाशी रात्रभर बस, पंचनामा होईस्तोवर हलू नको. हातात काठी होती, पण ती पाटलाच्या पोरावर उगारायची टाप नव्हती. मोबदला काय? इनामाचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेली भाकर. १८७४ च्या कायद्यानं इंग्रजांनी यावर शिक्का मारला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं: कामं ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख द्या, सुटायचंय त्याला सुटू द्या. बिल बारगळलं. ही वतनं गेली १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर.

आता हे मढं कशापायी उकरतोस, असं कुणी म्हणेल. पहाटे हायवेच्या कडेनं धावणारी कसालची आपली पोरं बघा, मग बोला. ओरोसच्या मैदानात भरती निघेल, अंगावर खाकी चढेल, एवढीच आस. आणि वर सरकार काय शिजवतंय? २०२३ च्या जुलैत मुंबईसाठी ३००० कंत्राटी जवान घ्यायचं ठरलं, राज्य सुरक्षा महामंडळाकडून, ११ महिन्यांच्या बोलीवर. ११ महिन्यांचा पोलीस! त्याच्या आरक्षणाचं काय, पेन्शनीचं काय, हे विचारायचं नाय.

विचारलं की शहाणे लोक सांगतात: जागतिकीकरण आहे बाबा, व्यापाराच्या नियमांपुढं सरकारचे हात बांधलेत. साफ थाप. सेवांच्या व्यापाराचा करार १ जानेवारी १९९५ ला लागू झाला. सरकारी अधिकारातल्या सेवा त्यातून पहिल्याच कलमात वगळल्यात. अट एकच: ती सेवा धंदा म्हणून चालवायची नाही आणि तिला कुणाशी स्पर्धा नको. म्हणजे पोलीस राखायला करार आड येत नाही. राखण भाड्यानं द्यायला लागलात की मात्र ती सूट तुम्हीच घालवता. वर २०१६ साली खासगी सुरक्षा कंपन्यांत ७४ टक्क्यांपर्यंत परकं भांडवल यायची वाट दिल्लीनं मोकळी केली. कुणी पिस्तूल लावलं होतं काय कानशिलाला?

दुसरं टोक कॅनडाचं. तिथल्या मूलनिवासींना आपली पोलीस दलं चालवायचं धोरण १९९१ सालचं. १९९४ च्या नाफ्टा करारात कॅनडानं पोलीस सेवाही राखून ठेवली, मूलनिवासींच्या सवलतीही. व्यापाराची आडकाठी नव्हतीच. तरी पैसा मुदतीच्या करारानं, तोही अपुरा. क्वेबेकातल्या माश्तेउयाच इथल्या इनू जमातीच्या दलाला वर्षानुवर्षं तूट, आणि ती जमातीनं आपल्या खिशातून भरायची. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या सुप्रीम कोर्टानं क्वेबेक सरकारला ठोकलं, प्रामाणिकपणे वाटाघाट केली नाही म्हणून, आणि भरपाई द्यायला लावली.

काम जमातीचं, काठी जमातीची, तिजोरी दुसऱ्याची. ओळखलंत हे काय ते? आपल्या आज्यानं तेच केलं की.

म्हणून ‘वस्तीचा पोलीस वस्तीतलाच’ असली गोड योजना घेऊन उद्या कुणी आला तर हुरळू नका. आधी पुसा: पगार कायम आहे काय? आरक्षण लागू आहे काय? सवर्णाच्या दारात जाऊन त्याला बेड्या घालायचा अधिकार आहे काय? आणि हे सगळं लिहून मागा.