पाडण्यास बक्षीस, राखण्यास दंड

जुनी व्यापारी इमारत म्हणजे शहराच्या गळ्यातील धोंड. तीत बिऱ्हाडे घातली की ती अधिकच लवकर बुडते, असे मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडण्यात येते, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मुंबईच्या एस्प्लनेड मॅन्शनचे उदाहरण हटकून पुढे करण्यात येते. उदाहरण खरे आहे. परंतु त्यावरून काढलेले अनुमान सर्वस्वी चुकीचे आहे.

काळा घोड्याजवळची ही वास्तू मूळची वॉटसन हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश याच्या आराखड्याबरहुकूम तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडविला गेला आणि 1867 ते 1869 या काळात मुंबईत त्याची जुळणी झाली. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दिसली ती येथेच. पुढे हॉटेल बंद पडले, प्रशस्त दालनांत आडभिंती उठल्या आणि तेथे बिऱ्हाडे व कचेऱ्या थाटल्या गेल्या. 2005 साली सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला. 2019 साली सर्वांस बाहेर पडावे लागले. आयआयटीच्या तज्ज्ञांनी इमारत पाडण्याची शिफारस केली, तर वारसा जपणाऱ्या वास्तुविशारदांनी ती राखता येईल असे सांगितले.

आता या वास्तूस बिऱ्हाडांनी मारले काय? मुळीच नव्हे. 1947 च्या कायद्याने मुंबईतील जुनी भाडी 1940 च्या पातळीवर खिळवून टाकली. त्या भाड्यात डागडुजी होईना म्हणून मालकाने हात आखडला. घर आपले नव्हे म्हणून भाडेकरूने काणाडोळा केला. आणि दोघांमधील भांडण मिटेपर्यंत पावसाळा थांबत नाही, हे लोखंडास कोणी सांगावयाचे?

भाडेनियंत्रण समूळ उठवावे, असा याचा अर्थ कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. त्याच कायद्याच्या आधाराने पांढरपेशांच्या व कामगारांच्या दोन पिढ्या मुंबईत टिकल्या. आमचा आक्षेप निराळा आहे. उपकरप्राप्त जुनी इमारत पाडून नवी बांधणारास सरकार वाढीव बांधकाम देते. त्यातून रहिवाशांस फुकट घरे मिळतात आणि उरलेली विकून बिल्डर गबर होतो. तीच इमारत राखणाराच्या वाट्यास त्या मानाने काय येते? परवानग्यांचे हेलपाटे. मोडण्यास बक्षीस आणि जोडण्यास दंड, असा न्याय असता वास्तू टिकतीलच कशा?

अमेरिकेत ऐतिहासिक इमारत दुरुस्त करून भाड्याची घरे केल्यास खर्चाच्या 20 टक्के इतकी सूट मध्यवर्ती सरकारच्या करात मिळते. लॉवेल गावच्या जुन्या कापडगिरण्यांत आज कुटुंबे नांदत आहेत. तेथील विटा आपल्या विटांहून चिवट होत्या, असे नव्हे; तेथील हिशेब निराळा होता.

जीर्ण खांबाहून माणसाचा जीव मोठा, हे कोण नाकारील? म्हणूनच दुरुस्ती इमारत कोसळावयास आल्यावर नव्हे, तर वेळच्या वेळी व्हावयास पाहिजे.

हा प्रश्न मुंबईचा, फलटणात त्याचे काय, असे वाचकांनी म्हणू नये. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही तर आपल्या पेठांची जुनीच रीत. व्यापार आणि संसार एका छपराखाली नांदणे आपणांस नवे नाही. उद्या येथील वखारी व पेढ्या ओस पडतील तेव्हा त्यांचेही फ्लॅट करण्याची वेळ येईल. ते अवश्य करावेत. परंतु आधी भिंतीचे बळ तपासावे, दुरुस्तीचा निधी भाड्यातूनच वेगळा काढावा, आणि मालक, भाडेकरू व नगरपालिका यांची जबाबदारी लेखी ठरवावी. एवढे केले नाही, तर आपण वास्तूत घर केले नाही, तिची फक्त वाटणी केली, असेच म्हणावे लागेल.