जेलातल्या माणसाच्या मनाचं काय?

घाटंजी : गावातला कुणी जेलात गेला की चौकात चर्चा होते ती गुन्ह्याची. तो आत झोपतो का, जेवतो का, हे फक्त घरचेच विचारतात.

देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. शिक्षा झालेल्याला निदान सुटकेचा हिशोब लावता येतो. कच्चा कैदी पेशी ते पेशी जगतो, अन् पेशी लांबली की मन खचतं. त्यात यवतमाळला भेटीला जायचं तर घरच्यांची दिवसाची मजुरी बुडते. मग भेटीही कमी होतात.

कायदा मात्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०३ मध्ये मानसिक आजारी कैद्याच्या उपचाराची तरतूद आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर जामीन मिळू शकतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

भेटीत माणूस गप्प दिसला, मरणाची भाषा बोलला, तर जेल अधीक्षकांना लेखी कळवा, पोच घ्या. घरच्यांनाही आधार लागला तर १४४१६ वर टेली-मानसची मोफत मदत आहे.

खचलेलं मन काय करतं, हे यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांचे जीव गमावून पाहिलं आहे. जेलातल्या माणसासाठी तेवढी वाट पाहू नये.