बोलायचं कोण थांबलं?

ओंकार नावाच्या हत्तीवरून आमच्या दोडामार्गात आणि शेजारच्या सावंतवाडी-पेडण्यात २०२५ साली जेवढे शब्द खर्ची पडले, तेवढे एखाद्या निवडणुकीतही पडत नाहीत. एप्रिलमध्ये मोर्ले गावात हत्तीच्या हल्ल्यात एका वयोवृद्ध शेतकऱ्याचा जीव गेला. सप्टेंबरात ओंकार गोव्याच्या पेडणे तालुक्यात उतरला, मग फिरून बांद्याच्या बाजूला आला. त्याला पकडून 'वनतारा' या प्राणी केंद्रात न्यावं की तिलारीच्या रानातच राहू द्यावं, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपर्यंत गेला. आणि या सगळ्या काळात तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर, फेसबुकवर माणसं एकमेकांवर तुटून पडत होती.

एका बाजूला 'गोळी घाला त्या जनावराला' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला 'जंगल तुम्हीच खाल्लंत, आता भोगा' म्हणणारे. पहिल्यांना दुसरे शहरी, फुकटे, पगारी वाटत होते. दुसऱ्यांना पहिले निर्दय आणि अडाणी. हत्तीचा विषय बाजूला राहिला आणि कोण कुठल्या पक्षाचा, कोणाचा रबराचा मळा कोणाच्या जमिनीत, कोणाच्या बापानं काय केलं होतं, इथपर्यंत गाडी घसरली. ज्या घरचा माणूस गेला त्या घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर हे सगळं येत असणार, हे लिहिणाऱ्यांच्या मनातही आलेलं दिसलं नाही.

त्यानंतर जो भेटतो तो एकच वाक्य बोलतो: पूर्वी असं नव्हतं, मोबाइल इलो आणि माणसां बिघडली. तिठ्यावर, सोसायटीत, साटेली-भेडशीच्या बाजारात हेच ऐकू येतं. मला हे वाक्य पटत नाही. आणि ते पटवून घेतलं तर खरा बिघाड कुठे झालाय हे आपल्याला कधीच दिसणार नाही, म्हणून आज त्यावर लिहितो आहे.

पूर्वी असं नव्हतं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावऱ्हाटीकडे पाहावं. पालखीला पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाणं कोणी घालायचं, बारा-पाच मानकऱ्यांत बसायचा मान कोणत्या घराचा, यावरून आपल्या जिल्ह्यात देवळांना कुलपं लागली आहेत. जत्रा बंद पडल्या आहेत, जमावबंदीचे आदेश निघाले आहेत आणि खटले बापाकडून मुलाकडे वारसानं गेले आहेत. सख्खे चुलते एकाच वाड्यात राहून वीस-वीस वर्षं बोलत नाहीत, हे कोकणात कोणाला नवल वाटत नाही. यात मोबाइलचा काय दोष होता? तेव्हा टॉवरसुद्धा नव्हता.

आणि हे फक्त गावकीतलं नाही. आपल्या सीमेला लागून, माझ्या मते गेल्या शतकातला आपल्या भागातला सर्वांत मोठा जाहीर वाद झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ ला गोमंतकीयांनी मत दिलं. विलीनीकरणाला फूल ही निशाणी, वेगळं राहायला दोन पानं. दैनिकांत 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूनं, 'राष्ट्रमत' विरोधात. 'राष्ट्रमत'मध्ये उदय भेंब्रे यांचं सदर होतं 'ब्रह्मास्त्र', आणि ते मराठीतच लिहिलेलं होतं, कारण मराठी वाचणाऱ्यांनाच तर वळवायचं होतं. दोन्ही बाजूंची भाषा मवाळ नव्हती. गायक उल्हास बुयांव विलीनीकरणाविरुद्ध गावोगाव गाणी म्हणत फिरत होते. डिचोली-पेडण्यात सोयरीक असलेल्या आमच्याकडच्या घरांना मतदान नव्हतं, पण भांडण मात्र पाहुण्यांबरोबर घरात येत होतं. मुलीच्या सासरी फूल आणि सुनेच्या माहेरी दोन पानं, असा तो काळ होता, असं जुनी माणसं सांगतात.

निकाल लागला. वेगळं राहण्याच्या बाजूनं १ लाख ७२ हजार १९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूनं १ लाख ३८ हजार १७०. फरक ३४ हजार २१ मतांचा. आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत त्याच गोव्यानं विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. एवढा कडवा वाद, पण त्याला एक तारीख होती. त्या तारखेला पेटी उघडली, आकडा कळला आणि लोकांनी दुसऱ्या प्रश्नावर दुसरं मत दिलं. सगळा कडवटपणा संपला असं मी म्हणत नाही. १९८६ च्या डिसेंबरात कोकणी-मराठीच्या प्रश्नावर गोवा पेटला तेव्हा माणसं मेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषेचा कायदा झाला तरी ती जखम आजही दुखरी आहे. म्हणजे भांडखोरपणा आपल्याला कोणी वायफायवरून पाठवलेला नाही.

ज्यांनी हे मोजून पाहिलं त्यांचंही म्हणणं याच्याशी जुळतं. २०२४ च्या मार्चमध्ये 'नेचर' या नियतकालिकात इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यांनी इंटरनेटवरच्या आठ वेगवेगळ्या ठिकाणच्या सुमारे ५० कोटी प्रतिक्रिया तपासल्या, त्याही ३४ वर्षांतल्या, म्हणजे अगदी जुन्या यूझनेटपासून ते फेसबुक, यूट्यूब, टेलिग्रामपर्यंत. अशा चर्चा वर्षागणिक अधिकाधिक विखारी होत गेल्या असं सरसकट दिसलं नाही. दिसलं ते असं, की जागा कोणतीही असो आणि साल कोणतंही असो, लांबलेल्या चर्चांमध्ये आखूड चर्चांपेक्षा विखार जास्त असतो. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस विद्यापीठाच्या अलेक्झांडर बोर आणि मिखाएल बांग पेटरसन यांनी दुसऱ्या बाजूनं तपासलं. सज्जन माणूस मोबाइल हातात घेतला की दुर्जन होतो का? त्यांचं उत्तर बहुतांशी 'नाही' असं आहे. जे पडद्यावर आक्रस्ताळे, ते समोरासमोरही तसेच असतात. फरक इतकाच की, समोर त्यांचा आवाज चार माणसांपुरता राहतो आणि पडद्यावर तो सगळ्यांना ऐकावा लागतो.

हे वाचल्यावर मला आमचे ग्रुप वेगळे दिसायला लागले. एखाद्या ग्रुपात चार-पाचशे माणसं असतात. २०२२ पासून एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात. कोकणातली काही अख्खी महसुली गावं त्याहून लहान आहेत. पण हत्तीच्या भांडणात लिहीत होते ते मोजके दहा-पंधरा जण, रोज तेच. तेच रात्री अकरालाही जागे आणि पहाटे पाचलाही. बाकीचे वाचत होते. काही जण गुपचूप 'लेफ्ट' झाले. बायकांनी तर पहिल्याच दिवशी लिहायचं सोडलं, कारण बाईनं एक ओळ लिहिली की उत्तर तिच्या मुद्द्याला येत नाही, तिच्या घराला येतं.

मला या गप्प झालेल्यांची काळजी वाटते. ओरडणारे होतेच, ते राहतील. पूर्वी त्यांच्या मध्ये पडणारे लोक असत. गावकीच्या बैठकीत दोघे हातघाईवर आले की तिसरा उठून म्हणायचा, "बसा आधी, पाणी पिया, मगे बोला." तो तिसरा कधी मानकरी असायचा, कधी शाळेचे गुरुजी, कधी दोन्ही घरांत सोयरीक असलेला मामा. त्याला मध्ये पडणं भाग होतं, कारण उद्या त्याला त्याच दोघांबरोबर लावणीला, मयताला, लग्नाला उभं राहायचं होतं. भांडणाऱ्यांनाही ते ठाऊक असायचं. सगळीच भांडणं त्याला थांबवता आली असं नाही, कुलूप लागलेली देवळं त्याची साक्ष आहेत. पण पुष्कळ भांडणं त्यानं विझवली, आणि त्यांची कुठे नोंद नाही.

ग्रुपवर हा तिसरा माणूस सगळ्यात आधी निघून जातो. त्याला वेळ नसतो, दोन्हीकडून शिव्या त्यालाच पडतात, आणि तिथे त्याच्या नात्याचं वजन चालत नाही. 'बसा आधी' असं लिहिणाऱ्याकडे भांडणारे बघतसुद्धा नाहीत. त्यात हत्तीसारखा विषय आला की पुण्या-मुंबईचे, पणजीचे, कधी दुबईचे लोक भांडणात उतरतात. त्यांना बोलायचा हक्क नाही असं मी म्हणणार नाही. हत्ती साऱ्या देशाचा आहे. पण त्यांना मोर्ल्याच्या किंवा हेवाळ्याच्या माणसाचं तोंड उद्या बघायचं नसतं. ते बघायचं नसलं की माणूस काय वाटेल ते लिहू शकतो.

अ‍ॅडमिनला यातलं काय करता येतं? कायद्यानं त्याच्यावर फार ओझं नाही. सदस्यानं लिहिलेल्या मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून दोषी धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. ते योग्यच झालं. पण कायद्यानं सुटलेला माणूस गावाच्या नात्यानं सुटत नाही. जत्रेत दोन पोरं भांडली तर आपण 'मी काय पोलीस नव्हे' म्हणून पुढे जात नाही.

आणि नुसत्या शिव्या थांबवून काम होत नाही, हेही सांगायला हवं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. भिक्षेवर जगणारी निरपराध माणसं होती ती. त्या वर्षी देशभर फिरत होते ते 'मुलं सांभाळा, टोळी आली आहे' असे संदेश, आणि त्यांत शिवी नव्हती, काळजीचा सूर होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. म्हणजे जागेची रचना बदलता येते. माणसाचा स्वभाव बदलायची वाट पाहत बसावं लागत नाही.

आमच्या तालुक्यात एक साधी गोष्ट लगेच करता येईल. हत्ती रात्री कुठे आहे, कोणत्या वाडीकडे वळला, हाकारी कुठे थांबले आहेत, ही माहिती जीव वाचवणारी आहे. ती ज्या ग्रुपवर येते तिथे दुसरं एक अक्षरही येऊ नये. फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय आहे, ती वापरावी. वाद घालायला वेगळी जागा असावी, आणि तिथेही तो एका टप्प्यावर थांबवून 'आता रविवारी शाळेत बसून बोलूया' असं म्हणणारा कोणीतरी असावा. लांबलेल्या चर्चांमध्ये विखार जास्त असतो हे मोजून दिसलं असेल, तर ती थोडक्यात ठेवणं आपल्याच हातात आहे. समोर बसून वाद घालणं आपल्याला नवं नाही. २०१८ मध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात परराज्यातल्या रुग्णांना पैसे पडू लागले, तेव्हा दोडामार्गातले लोक रस्त्यावर येऊन बसले होते. पुढे 'आम्हाला गोव्यात घाला' इथपर्यंत मागणी गेली. त्या मागणीवर लोकांचे पराकोटीचे मतभेद होते. तरी मांडवात शेजारी बसून लोक त्यावर बोलत होते, आणि इस्पितळ हा विषय कोणी विसरलं नाही.

हत्तीच्या बाबतीत विषयच हरवला, ही माझी खरी तक्रार आहे. हत्ती आमच्या भागात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आले. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ आम्ही त्यांच्यासोबत राहतो आहोत, आणि आज वीस-बावीस वर्षांच्या पोरानं हत्ती नसलेली तिलारी पाहिलेलीच नाही. इतक्या वर्षांत शिकलेलं पुष्कळ काही लोकांच्या डोक्यात आहे. कोणत्या महिन्यात कळप कोणत्या ओहळानं उतरतो, केळीला येतो की फणसाला, दिव्याला बुजतो की आवाजाला, कोणता हत्ती माणसाच्या अंगावर येतो आणि कोणता बाजूनं निघून जातो. हे सांगू शकणारा एक बागायतदार माझ्या ओळखीचा आहे. ओंकारच्या भांडणात तो का लिहीत नाही, म्हणून मी त्याला विचारलं. "लिवन काय करू? माका हत्तीचो वैरी म्हणतले, नायतर वनखात्याचो माणूस. दोनय मी नाय."

त्याचं म्हणणं मी इथे मांडतो, कारण ग्रुपवर ते आलंच नाही. हत्ती पोफळ आडवी करतो आणि तिचा गाभा खातो. पंचनाम्यात झाडं मोजली जातात. पण पोफळ लावल्यापासून नीट धरायला सहा-सात वर्षं जातात, माडाला त्याहूनही जास्त, आणि मधल्या वर्षांत बागेची शिंपणी, मजुरी, खत चालूच असतं. त्याला हत्ती मारायला नको आहेत. त्याला हवं आहे ते असं, की मोडलेल्या झाडाबरोबर त्याच्या पुढच्या वर्षांच्या उत्पन्नाचाही विचार व्हावा, पंचनामा लवकर व्हावा, आणि कळपाला तिलारीच्या वरच्या रानात खायला-प्यायला मिळेल अशी लागवड व्हावी. २०२० मध्ये तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, त्याचं क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्यात हत्तीचं भागत नाही, तर त्याच्या वाटा कोणत्या गावांतून जातात आणि त्या गावांना काय द्यायचं, हा त्याचा शेवटचा प्रश्न होता. या प्रश्नावर मतभेद असायला भरपूर जागा आहे. मला स्वतःला त्याच्या काही मुद्द्यांबद्दल शंका आहेत, त्या मी त्याला सांगितल्या आणि आम्ही पाऊण तास वाद घातला. हा वाद तालुक्यानं घालायला हवा आहे, वनखात्याच्या माणसाला समोर बसवून, पुढचा कळप केळीला उतरायच्या आत.