देयक आहे, हिशेब कुठे?

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे विकार अनेक गावांच्या परिचयाचे झाले आहेत. अकोट, तेल्हारा वा दर्यापूर तालुक्यातील रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने अकोला किंवा अमरावती गाठतो, चार तास डायलिसिसच्या यंत्राजवळ पडून राहतो आणि सायंकाळी परततो. शासकीय योजनेतील रुग्णालयात जागा मिळाली तर देयक शासन भरते. न मिळाल्यास आधी कापसाचे पैसे आणि मग शेताचा तुकडा त्यात जातो. मात्र या एका वेळच्या उपचाराला प्रत्यक्ष खर्च किती येतो, असे विचारले, तर नेमके उत्तर सहसा ना रुग्णालयाजवळ असते, ना शासनाजवळ.

देयक म्हणजे खर्च नव्हे, ही साधी गोष्ट आपण विसरतो. चार तासांच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध द्रावण लागते. हे पाणी क्षारयुक्त कूपनलिकेतून घेतले, तर शुद्धीकरणात बरेचसे वाया जाते आणि यंत्रणाही लवकर झिजते. त्याखेरीज तंत्रज्ञाचे वेतन, वीज, यंत्राचा घसारा आणि रिकाम्या गेलेल्या पाळीचा भार आहेच. हे सारे मांडल्यावाचून दर ठरविणे म्हणजे शेतीचा उत्पादनखर्च न मोजता कापसाचा भाव बांधून देणे होय. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

अमरावतीचे इर्विन, डफरीन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय यांच्याकडे कागदांची वानवा नाही. परंतु शासकीय खर्च लेखाशीर्षानुसार नोंदला जातो. वेतन कोषागारातून, औषधे एका खरेदीतून, यंत्रे दुसऱ्या निधीतून, इमारत बांधकाम विभागाकडून. अनुदान संपले की नाही, हे त्यातून कळते. एका बाळंतपणाला किती लागले, हे कळत नाही.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. या योजनांनी गरिबाला रुग्णालयाचे दार उघडून दिले, हे निर्विवाद आहे. पण दर खर्चाहून कमी पडला की रुग्णालय योजनेतून अंग काढते वा ‘साहित्याचे’ पैसे वरून मागते. जास्त झाला की अनावश्यक शस्त्रक्रियांना पाय फुटतात. आयुष्मान भारतच्या प्रारंभीच्या दरांवर डॉक्टरांच्या संघटनेने आक्षेप घेतले. त्यानंतर चंदीगडच्या पदव्युत्तर संस्थेतील अभ्यासकांच्या पुढाकाराने देशभरातील रुग्णालयांचा खर्च मोजण्यात आला आणि २०१९ मध्ये दर सुधारले. उत्तम झाले. परंतु अशी मोजणी एकदा करून भागत नाही.

कंपनी कायद्याखालील २०१४ च्या नियमांनी रुग्णालयांना परिव्यय-लेखे ठेवणे बंधनकारक केले खरे, पण ते ३५ कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना. आपल्याकडची बहुतेक रुग्णालये डॉक्टरांच्या मालकीची किंवा न्यासांची. ती या जाळ्यात येतच नाहीत. ज्या देशात कौटिल्याने अक्षपटलाला, म्हणजे हिशेबाच्या कचेरीला, स्वतंत्र अध्याय दिला, तेथे ही अनास्था आश्चर्याचीच म्हणावी.

आणि बोट केवळ शासनाकडे दाखवून चालणार नाही. सेवाभावी संस्थांच्या रुग्णालयांत डॉक्टर अल्प मानधनावर येतात, यंत्र देणगीतून मिळते, कार्यकर्ता विनावेतन राबतो. या गोष्टींना पावती नसते, म्हणून त्या खर्चातच धरल्या जात नाहीत. दर स्वस्त दिसतो, सर्वांना समाधान वाटते. घसाऱ्यासाठी मात्र बाजूला काहीच पडत नाही. सात-आठ वर्षांनी यंत्र बंद पडते, तेव्हा पाळीत नाव असलेला रुग्ण पुन्हा नागपूरच्या एसटीत बसतो आणि संस्थेच्या कार्यालयात देणगीच्या आवाहनाचा मसुदा लिहायला घेतला जातो.