आधी पट्टे मोजा!

थोरला लातूरला बारावीच्या क्लासला, धाकटा इथं नांदेडला. फोनवर दोघा भावांचं बोलणं म्हणजे ‘जेवलास का? हो.’ संपलं. खरं बोलणं रविवारी, अर्धा तास फोर्टनाईट खेळताना. म्हणून धाकट्याचा आवाज तिकडं जाईना तेव्हा घरात सुतकच! दुकानदारानं कन्सोल न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेला. तीन हजार." आणि आम्ही द्यायलाही निघालो!

अहो, २०१७ च्या निन्टेन्डो स्विचमध्ये आत माईकच नाही. तो आला थेट २०२५ च्या स्विच २ मध्ये. जुन्यावर बोलायचं ते हेडफोनच्या माईकमधून. त्याच्या पिनवरचे पट्टे मोजा. दोन असतील तर नुसतं ऐकू येतं, बोलायला तीन लागतात. आमचे दोनच निघाले! तीन पट्ट्यांचा लावला, गेममधलं व्हॉइस चॅट चालू केलं, झालं काम.

दुकानदाराचा राग आहेच. पण एक प्रश्न न विचारता पाकीट काढणारे आपण काय कमी आहोत? आपल्या अशा मुकाट्यानंच त्यांचे बोर्ड ‘जातात’. परवा थोरल्यानं खेळता खेळता विचारलं, "आईचं गुडघ्याचं कसंय रे?" मंडळी, हे ऐकायला तीन हजार लागत नाहीत.