पुडीवरचं नवं नाव

मुलांचं पोट बिघडलं, की डॉक्टर कधी कधी ‘चांगल्या जंतूं’ची पुडी देतात. भोर-वेल्ह्याच्या मैत्रिणी विचारतात, “पुडीवर पूर्वी ‘लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस’ असायचं, आता ‘लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस’ कसं? औषध बदललं की काय?” नाही हो! जंतू तोच, फक्त कुळाचं नाव बदललं. लग्नानंतर आपलं बदलतं ना, तसं.

पूर्वी दिसण्यावरून आणि गुणांवरून असे पुष्कळ जंतू एकाच कुळात घातले होते. पुढे त्यांचे जीनोम, म्हणजे आनुवंशिक गुणांचे संपूर्ण आराखडे, ताडून पाहिले, तेव्हा कित्येकांचं नातं फार लांबचं निघालं. म्हणून २०२० साली त्या एका कुळाची २५ कुळं झाली.

रॉयटेरी नावाचा जंतू माणूस, डुक्कर, कोंबडी, उंदीर यांच्या पोटात सापडतो. पण जीनोम ताडले, तर प्राण्यागणिक त्याचे वाण बरेचसे वेगळे पडतात. भात एकच, पण आंबेमोहोर निराळा नि इंद्रायणी निराळा, तसंच हे.

तेव्हा पुडीवरचं दुसरं नाव आणि त्यापुढची वाणाची खूण नीट वाचावी. ती जुळत नसेल, तर दुकानदाराच्या सांगण्यावरून पुडी बदलू नये, डॉक्टरांना विचारावं. घरचं दही जरूर द्यावं, पण त्यातले जंतू निराळे. पुडीऐवजी ते चालेल असं धरून चालू नये.