‘कशी वाटली?’ हे विचारू नका

ऑनलाइन कार्यशाळा संपत आली की चॅटमध्ये अभिप्रायाच्या फॉर्मची लिंक येते. तो भरल्याखेरीज प्रमाणपत्र नाही, असं असलं की सगळे भराभर ‘उत्कृष्ट’वर बोट टेकवून मोकळे होतात. त्यात ‘विषयाची मांडणी व मार्गदर्शकांची शैली कशी वाटली?’ असे एकात दोन कोंबलेले प्रश्न. ज्याला मांडणी चांगली वाटली, पण बोलणं कळलंच नाही, त्याने खूण कुठे करायची?

रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांचं घ्या. हापूसच्या कलमांना मोहोर यावा म्हणून मुळाशी घालायचं कल्टार हे औषध 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान द्यावं, अशी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. मात्रा ठरते झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर, मीटरमागे 3 मि.ली. या विषयावरच्या कार्यशाळेनंतर ‘माहिती उपयुक्त वाटली का?’ असं विचारून हाती काय लागणार? ‘कलमाचा विस्तार 6 मीटर आहे, कल्टार किती घ्याल?’ हे विचारा. 18 मि.ली.ऐवजी भलतेच आकडे आले, तर सांगण्यात कुठेतरी चुकलं हे त्याच संध्याकाळी कळेल आणि औषध मुळाशी जाण्याआधी फोन करता येईल. सप्टेंबरात पुन्हा विचारा: किती कलमांना दिलं? उरलेल्यांना का नाही? या ‘का नाही’मध्ये पैसे, मजूर, पाऊस, शंका सगळं बाहेर येतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने 1959 मध्येच प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, वापरलं का, फरक पडला का. आपण पहिल्याच पायरीवर बसून आहोत.

शिवाय राजापूर-संगमेश्वरच्या आतल्या वाड्यांत रेंज गेली की माणूस मध्येच बाहेर फेकला जातो. फॉर्म मिळतो शेवटपर्यंत टिकलेल्यांना. ज्याचं खरोखर अडलं, त्याचं म्हणणं अहवालात येतच नाही. म्हणून नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला हवेत.

फॉर्मचं नावही बदला. ‘अभिप्राय’ म्हटलं की माणूस पाहुण्यांकडे जेवून उठल्यासारखा गोडच बोलतो. ‘कुठे अडलात?’ असं नाव द्या. 2020 पासून ‘निष्ठा’सारखी सरकारी प्रशिक्षणं ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर घेणाऱ्या शिक्षकांना तर नाव न लिहिण्याची मुभा हवीच; वरिष्ठ वाचणार म्हटल्यावर खरं कोण लिहील? प्रश्न तीन-चारच असावेत, प्रमाणपत्राशी त्यांचा संबंध नसावा आणि पुढच्या सत्राची पहिली दहा मिनिटं मागच्या उत्तरांसाठी राखून ठेवावीत.